मृगाआधी एकदा, दसऱ्याला एकदा

खांडेनवमीच्या सकाळी नागपुरात महालातल्या, इतवारीतल्या किंवा नंदनवनातल्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. घरोघरी गाड्या धुणे चालू असते. बादल्या, साबणाचा फेस, नळाला लावलेला पाइप आणि हँडलला बांधायला आणून ठेवलेले झेंडूचे हार. स्कूटर, मोटारसायकल झाली की पाइप वळतो पोरांच्या सायकलींकडे. चाकाच्या मधोमध हबवर, पायडलच्या मुळाशी, हँडलखाली नेमकी धार धरली जाते, कारण घाण तिथेच जास्त दिसते. मग पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून सायकल उभी. दिवाळी उलटली की तीच सायकल करकरायला लागते. पायडल मारताना मधूनच कट्ट असा आवाज येतो, पुढचे चाक उचलून फिरवले तर दोन फेऱ्यांत थांबते. घरचे सांगतात, जरा तेल घालून आण. तेल घातले की आवाज चार दिवस थांबतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होतो.

ज्या दिवशी अवजारांची पूजा करायची, त्याच दिवशी आपण सायकलच्या छर्र्यांत पाणी भरतो. हे मी स्वतः कितीतरी वर्षे केले. माझ्या हातातला पाइप पाहून आमच्या गल्लीतले मिस्त्री काका एकदा थांबले आणि म्हणाले, "तिथं पाणी काहून मारता जी? सायकल पाणी नाई मांगत, तेल बी इतकं नाई मांगत. सफाई मांगते." पुढे दोन उन्हाळे मी त्यांच्या दुकानात सुटीच्या दिवशी बसून काम पाहिले, मग हाताने केले. या लेखात लिहिलेले बहुतेक तिथेच शिकलो आणि नंतर नागपूरच्या धुळीत, पावसात पडताळून पाहिले.

सायकलमध्ये जिथे जिथे काही फिरते, तिथे पोलादाचे बारीक छर्रे असतात. पुढच्या हबमध्ये, मागच्या हबमध्ये, पायडलच्या मधल्या आसात म्हणजे बीबीमध्ये, दोन्ही पायडलांत आणि हँडलच्या खाली-वर. हे छर्रे एका बाजूला वाटीत आणि दुसऱ्या बाजूला आसावरच्या निमुळत्या कोनवर टेकून गोल फिरतात. चाकांत छर्रे बसवण्याचे पेटंट पॅरिसमधल्या ज्यूल सुरिरे या सायकल कारागिराने १८६९ मध्ये घेतले. पुढे मोटारगाडीपासून पंख्यापर्यंत सगळीकडे पोचलेल्या या युक्तीला सायकलने सुरुवातीलाच हात दिला. ती चालते याचे कारण साधे आहे. छर्रा घसरत नाही, लोळतो. लोळणाऱ्या गोष्टीला फार थोडे वंगण पुरते. पण वाटी आणि छर्रा यांच्यामध्ये वाळूचा एक कण आला की तो दर फेरीला पोलादात दाबला जातो आणि वाटीला खड्डा पडतो. एकदा खड्डा पडला की वरून कितीही तेल सोडा, खड्डा बुजत नाही.

आपल्याकडे हा कण तीन रूपांत येतो. एक, आपली काळी माती. ती ओली असताना चिकटते, वाळली की तडकते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुगते. हिंगणा किंवा काटोलच्या बाजूने आडरस्त्याने आलात तर मडगार्डमध्ये तिचा गोळाच बसतो. दोन, रस्त्यांच्या नि इमारतींच्या कामाची सिमेंट मिसळलेली धूळ. आणि तीन, कोराडी-खापरखेड्याच्या अंगाला वीजकेंद्रांची राख. ती हाताला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात सिलिका असते आणि तेलात मिसळली की तिचा घासायचा लेप तयार होतो. त्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि मे महिन्यात ४५-४६ अंशांचे ऊन. पुण्या-मुंबईच्या सायकलस्वाराला पुरेल ते वेळापत्रक इथे पुरत नाही.

म्हणून वर्षातून दोनदा सायकल नीट उघडायची. एकदा रोहिण्या संपता संपता, मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. उद्देश हा की पाऊस येईल तेव्हा प्रत्येक वाटीत ताजे ग्रीस भरलेले असावे, पाण्याला शिरायला जागाच राहू नये. दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे, म्हणजे चार महिन्यांत आत गेलेले पाणी आणि चिखल बाहेर काढायला. रोज शाळेला नाहीतर कामाला जाणाऱ्या साध्या सायकलीला एवढे पुरते. मधल्या काळात फक्त चेन बघायची.

आता तेलाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

घरात असते ते तेल नको, हे आधी ठरवून टाका. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०च्या खाली जातो. कडाक्याच्या थंडीत बाटलीत जे होते तेच चेनच्या पिनेत होते. जवसाचे तेल तर अजिबात नको. विदर्भात जवस पिकतो, चटणी घरोघरी असते, पण ते तेल हवेत वाळते. लाकडावर रोगण म्हणून ते चालते ते याच गुणामुळे. चेनवर त्याचा चिकट पापुद्रा बसतो. करडई आणि तीळ थोड्याफार प्रमाणात त्याच वाटेने जातात. गॅरेजमधले जळके काळे ऑइल फुकट मिळते म्हणून कितीतरी जण वापरतात. ते काळे झाले ते इंजिनातल्या काजळीने आणि झिजलेल्या धातूच्या कणांनी. म्हणजे जे बाहेर ठेवायचे तेच आपण हाताने आत घालतो.

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० स्प्रे आता घरोघरी दिसतो. त्याच्या नावातच त्याचे काम आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवणारे रसायन करताना चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण, म्हणून ४०. गंजलेला नट सोडवायला, पावसात भिजलेल्या चेनमधले पाणी हटवायला तो चांगला. पण त्याचा मोठा भाग उडून जातो आणि मागे पातळसा थर उरतो. तो चेनवर मारून त्यावरच महिनाभर चालवणे चूक. हबमध्ये नळी घालून मारणे त्याहून मोठी चूक, कारण तो आतले ग्रीस विरघळवतो.

मग काय वापरायचे? चेनसाठी सायकलचे तेल मिळते ते, आणि ते नसेल तर मोटारसायकलचे नवे, न वापरलेले इंजिन ऑइल. पावसाळ्यात ते टिकते. शिलाई मशीनचे तेल पातळ, ब्रेकच्या सांध्यांना आणि फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या दातेरी चकतीला, फार छान, पण चेनवर पहिल्याच पावसात धुऊन जाते. छर्र्यांसाठी ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. लिथियम साबणाचे 'मल्टिपर्पज' ग्रीस, ग्रेड २ किंवा ३, ऑइलच्या कुठल्याही दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात मिळते. दुकानदार ३ नंबरला एमपी-३ म्हणतात. एक डबा घरातल्या सगळ्या सायकलींना कित्येक वर्षे पुरतो. उन्हात ग्रीस वितळून जाईल अशी भीती बाळगू नका, लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास वितळते. जुन्या ग्रीसमध्ये नवे मिसळणे मात्र टाळा. दोन वेगवेगळ्या साबणांची ग्रीसे एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. जुने पूर्ण काढायचे, मग नवे भरायचे.

चेनपाशी जरा थांबतो, कारण सायकलमधला तेवढाच एक भाग उघड्यावर चालतो. हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरच्या इंजिनिअरने १८८० मध्ये रोलर असलेली चेन काढली. आजची चेन मुळात तीच आहे. झीज होते ती रोलरच्या आत, पिनेवर. बाहेरच्या पट्ट्यांवर तेल चमकत असेल तर त्याचा पिनेला काडीचा उपयोग नाही, उलट त्या चमकणाऱ्या तेलावर धूळ बसते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी प्रयोगशाळेत चेनची कार्यक्षमता मोजली. ती ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली, आणि आश्चर्य म्हणजे वेगवेगळ्या वंगणांनी त्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अर्थात तिथे चेन स्वच्छ होती. सीताबर्डीच्या रस्त्यावरची धूळ प्रयोगशाळेत नसते. मी त्यातून एवढेच घेतो की चेनला तेल घालायचे ते मुख्यतः धूळ, पाणी आणि गंज यांना पिनेपासून दूर ठेवण्यासाठी. हे मनात पक्के झाले की हात आपोआप कमी तेल सोडतो.

चेन साफ करायची पद्धत अशी. कोरडी फडकी घ्या, जुनी बनियन उत्तम. चेन मुठीत धरून पायडल उलटे फिरवा, फडके काळे झाले की जागा बदला. मग दात घासायच्या जुन्या ब्रशवर थोडे रॉकेल घेऊन प्रत्येक कडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने घासा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालते. पेट्रोल घेऊ नका. पुन्हा पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. ही वाट पाहणे कोणालाच आवडत नाही, पण ओल्या रॉकेलवर टाकलेले तेल त्यात मिसळून खाली गळते. वाळल्यावर चेनच्या खालच्या धावेवर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. शंभरेक कड्या असतात, पाच मिनिटांत होते. सुरुवात चेनची टोके जोडणाऱ्या चेनलॉकपासून करा म्हणजे कुठे आलो ते कळते. पायडल उलटे फिरवत राहा, रात्रभर तशीच ठेवा, आणि सकाळी बाहेरचे सगळे तेल पुसून टाका. चेनवरून बोट फिरवल्यावर बोट जेमतेम ओशट झाले पाहिजे.

पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा, एरवी महिन्यातून दोनदा. चिंब भिजून घरी आलात तर त्याच रात्री निदान फडक्याने पुसून चार थेंब सोडा, नाहीतर सकाळी चेन तांबूस दिसेल. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पाण्याची भीती नसते आणि धुळीचा कहर असतो, तेव्हा काही सायकलस्वार तेलाऐवजी मेण वापरतात. चेन काढून, रॉकेलने पूर्ण धुऊन, वाळवून, वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवतात. मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवायचे. हाताला काळे लागत नाही आणि धूळही चिकटत नाही. मी ते केले आहे आणि मला पसंत आहे. फक्त सायकल दुपारभर उन्हात उभी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, तापलेल्या लोखंडावर मेण मऊ पडते.

चेन किती झिजली ते पट्टीने कळते. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे शून्य धरा आणि २४ अंतरे मोजा, म्हणजे बरोबर १२ इंच यायला हवेत. त्याच्या पुढे एक सोळांश इंच गेले असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेले असेल तर फ्रीव्हीलचे दातही गेले समजा, मग नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते. चेन बदलताना चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवा. ताण पाहायचा तो चेनच्या मध्यावर बोटाने दाबून, वर-खाली मिळून अर्धा इंच हलली पाहिजे. ताणून बसवलेली चेन दिसायला नीटस, पण ती हबचे आणि बीबीचे छर्रे खाते.

आता छर्रे. पहिल्यांदा करत असाल तर पुढच्या चाकापासून सुरू करा, तिथे फ्रीव्हीलची भानगड नसते. आधी तपासा. चाक उचलून हळूच सोडा, रिमची जड बाजू, बहुधा व्हॉल्व्हची, आपण होऊन खाली येऊन झुलत झुलत थांबली पाहिजे. नंतर रिम दोन्ही बाजूंनी चिमट्याच्या (फोर्कच्या) दिशेने हलवून बघा, टकटक लागता कामा नये. आणि एक हात चिमट्यावर ठेवून चाक फिरवा. आत खरखर असेल तर कानाआधी तळहाताला कळते. मिस्त्री काका दुकानात येणारी प्रत्येक सायकल अशी हात ठेवून बघत आणि गिऱ्हाइकाने तक्रार सांगायच्या आत दुखणे ओळखत.

चाक काढून मोठ्या ताटावर आडवे धरा, ताटात जुना पेपर. कोनला पातळ पाना लागतो, पुढे बहुधा १३चा आणि मागे १५चा. जाड पाना लॉकनटला अडतो. एका बाजूचा लॉकनट आणि कोन सोडवा, दुसऱ्या बाजूचे तसेच राहू द्या, म्हणजे बसवताना आसाची जागा चुकत नाही. आस बाहेर ओढताना छर्रे टपटप ताटात पडतात. ते मोजा आणि कागदावर लिहा. पुढच्या हबमध्ये सहसा प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्यात १/४ इंचाचे ९, बीबीत १/४ इंचाचे ११. पण तुमच्या सायकलीतून जितके निघाले तोच आकडा खरा, आणि आधी कोणी एखादा कमी टाकला असेल तर तेही इथेच उघडकीला येते.

सगळे रॉकेलने धुवा, पुसा आणि उजेडात कोन बघा. छर्रे ज्या पट्ट्यावर फिरतात तो गुळगुळीत, चकचकीत दिसला तर ठीक. तिथे टाचणीच्या टोकाएवढे जरी खड्डे असले तरी कोन बदला. कोन लहान असल्यामुळे वाटीच्या आधी तोच जातो, आणि ते सोयीचे आहे, कारण कोन सहज बदलता येतो, वाटी मात्र हबमध्ये ठोकून बसवलेली असते. खड्डा पडलेला कोन तसाच ठेवला की वर्षभरात वाटीही जाते. छर्रे मात्र दर वेळी नवे घाला. बटाटेवड्याच्या पैशात अख्ख्या चाकाचे येतात. सगळे एकाच पुडीतले घ्या. जुन्यांत दोन-चार नवे मिसळले तर नव्यांचा व्यास केसभर मोठा असतो आणि सगळा भार त्या दोन-चारांवर येतो.

वाटीत ग्रीसचा जाड थर द्या, छर्रे एकेक करून त्यात खोचा, ग्रीस त्यांना धरून ठेवते. वाटी गच्च भरायची नसते, जवळजवळ एका छर्र्याची फट राहिली पाहिजे. आस घाला, दुसऱ्या बाजूचे छर्रे खोचा, वरून पुन्हा थोडे ग्रीस. कोन बोटाने बसेपर्यंत घट्ट करा, मग किंचित मागे घ्या, आणि कोन पान्याने धरून ठेवून लॉकनट आवळा. इथेच पहिल्यांदा सगळ्यांची चूक होते, लॉकनट आवळताना कोनही फिरतो आणि चाक जड होते. पुन्हा सोडा, पुन्हा करा. मला पहिल्या वेळी एका चाकाला पाऊण तास लागला होता. क्विक रिलीजचे चाक असेल तर हातात अगदी बारीकशी टकटक ठेवावी लागते, लिव्हर दाबली की ती जाते. शेवटी बाहेर आलेले ग्रीस पुसून घ्या, पण वाटीच्या कडेला त्याचे बारीक कडे राहू द्या. ते पावसाळ्यात पहिले पाणी अडवते.

जुन्या काळ्या सायकली अजूनही शहरभर चालतात. त्यातल्या काहींच्या हबवर मधोमध एक छिद्र असते आणि त्यावर पत्र्याची छोटी क्लिप. पुष्कळांना ती शोभेची वाटते. ती तेल सोडायची जागा आहे, क्लिप सरकवून पंधरवड्याला कुप्पीने दोन-चार थेंब सोडायचे. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिल चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की फाटकातून अशा सायकलींची रांग निघायची. त्या वेळच्या एखाद्या सायकलीचा हब आजही निघाला तर वाटी आरशासारखी असते. ती क्लिप हरवली असेल तर छिद्रावर निदान ट्यूबच्या रबराची पट्टी बसवा, उघडे छिद्र म्हणजे पावसाला आमंत्रण.

बीबी हे सायकलमधले सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. सीटच्या दांड्यातून आत गेलेले पाणी थेट तिथे साठते. खोलताना एक गोष्ट लक्षात असू द्या, नाहीतर पाना मोडेल. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. डावे पायडलही तसेच. कारण छर्रे एका दिशेने लोळताना वाटीला आणि आसाला हळूहळू उलट दिशेने फिरवू पाहतात. आटे सरळ असते तर चालवता चालवता ते आपोआप सुटले असते. कॉटर पिनेचा क्रँक असेल तर पिन ठोकून काढण्याची हौस घरी करू नका. पिन वाकते, आणि हातोड्याचे ठोके छर्र्यांमार्फत वाटीला खड्डे पाडतात. ते काम मिस्त्रीकडेच द्यावे, समोर उभे राहून ग्रीस मात्र आपले द्यावे.

हँडलचे छर्रे तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, खालच्या वाटीपाशी हात लावला की ढिलेपणा कळतो. हँडल सरळ असताना एखाद्या खाचेत अडकल्यासारखे थबकत असेल तर वाट्या बदलायला आल्या आहेत. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस घालू नका. आतले दोन छोटे खटके, दुकानात ज्यांना 'कुत्ते' म्हणतात, ते ग्रीसमध्ये चिकटतात आणि पायडल अचानक मोकळे फिरते. भर चौकात असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. सायकल आडवी करून फटीतून शिलाई मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडा, फिरवा, खालून काळे पाणी निघायचे थांबेपर्यंत पुन्हा सोडा. रिमवर, ब्रेकच्या रबरावर आणि डिस्कवर तेलाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर रिम स्पिरिटने पुसा, रबर पॉलिश पेपरने घासा. डिस्कच्या पॅडने तेल शोषले असेल तर पॅड बदला. सीटच्या दांड्याला वर्षातून एकदा ग्रीस लावले नाही तर तो नळीत कायमचा धरतो, फ्रेम कार्बनची असेल तर मात्र ग्रीस लावू नका, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

नव्या गिअरच्या सायकलींत बहुतेक ठिकाणी बंद बेअरिंग असतात. त्यांना खोलायचे नसते, खरखर आली की बदलायचे. त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६००१ असेल तर आतला व्यास १२, बाहेरचा २८ आणि जाडी ८ मिलिमीटर, मग ते सायकलीचे असो की मिक्सरचे. तो नंबर घेऊन साध्या बेअरिंगच्या दुकानात गेलात तर सायकलच्या शोरूमपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळते. नंबरापुढे आरएस अक्षरे असलेले मागा, त्याला रबरी झाकण असते. आणि या बेअरिंगवरही प्रेशरचे पाणी मारायचे नसते, रबरी ओठ धुळीसाठी आहेत, पंपासाठी नाहीत.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, पुढच्या वर्षी ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. तेव्हापासून अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिलच्या वाटांवर पहाटे महागड्या सायकली दिसू लागल्या याचा आनंदच आहे. पण माझ्या मनात हे लिहिताना दुसऱ्या सायकली होत्या. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या. त्या सायकलींच्या मागे कोणी मदतनीस नसतो. गावात मिस्त्री नसतो, आणि एक कोन खराब झाला की सायकल गोठ्यात टेकते आणि शाळेचे अंतर पायांवर येते. शाळेतल्या शिक्षकांनी एक पाना-संच, एक डबा ग्रीस आणि दोन पुड्या छर्रे ठेवले आणि जूनमध्ये एक शनिवार दिला, तर आठवीच्या मुली हे काम माझ्यापेक्षा नीट करतात. मी पाहिले आहे.

शेवटी पुराबद्दल, कारण तो अनुभव ताजा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ च्या मध्यरात्रीनंतर झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि खालच्या वस्त्यांतल्या घरांत, पार्किंगमध्ये गाळाचे पाणी शिरले. माझ्या बहिणीकडे तीन सायकली हँडलपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी गाळ धुतला, तेल सोडले आणि सायकली उन्हात ठेवल्या. तिथेच चुकले. बुडालेल्या सायकलीला तेल शेवटी. आधी सीट काढून सायकल उलटी करा. आमच्या एका फ्रेममधून तांब्याभर गढूळ पाणी निघाले. फ्रेम अर्धा दिवस उलटीच ठेवा. मग गाळ पुसायचा, आणि दोन दिवसांच्या आत प्रत्येक वाटी उघडायची. आठवडाभराने करू म्हणाल तर उशीर होतो. छर्रे फेकायचे, वाट्या रॉकेलने दोनदा धुवायच्या, कारण पहिल्या धुण्यात गाळ नुसता हलतो. चेन काढून रॉकेलच्या डब्यात हलवायची. फ्रीव्हील खळखळून धुवायचे. वापरलेले रॉकेल गटारात ओतू नका, ते शेवटी नागेतच जाते. बाटलीत भरून ठेवा, गाळ तळाला बसला की वरचे पुन्हा वापरता येते.

दोन सायकली आम्ही दुसऱ्या दिवशी उघडल्या. छर्र्यांवर तांबूस ठिपके नुकते उठत होते, वाट्या वाचल्या. तिसरी शेजारच्या घरात उचलून ठेवली होती, तिच्याकडे नवव्या दिवशी लक्ष गेले. तिच्या मागच्या हबचा कोन पान्याने फिरेना, हब फोडूनच काढावा लागला.